पूल ओलांडल्यावर

खैतानच्या दवाखान्यात ठकूबाईंशेजारी रत्नागिरीकडचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. एकाच फोनच्या दोन वायरी दोघांच्या कानांत होत्या, पडद्यावर कुठल्याशा गावातून फिरवणारा व्हिडिओ चालू होता.

“स्कॉटलंडचं गाव दाखवणारी ही बाई काय म्हणते हो, साबीरचे अब्बा?”

“पूल ओलांडा म्हणते. पुढे जुनं चर्च आहे.”

“साबीर याच पुलावरून कामाला जायचा ना?”

“हो. हळू चाल सफिया, तुझे गुडघे दुखतील.”

“व्हिसा नाकारला, तरी असं चालायला कोण अडवतो? कबरस्तान आलं?”

“डावीकडे आहे. पण बाई उजवीकडे वळा म्हणते, किल्ला बघायला.”

“तिला जाऊ दे किल्ल्यावर. तुम्ही टोपी घाला. आपण लेकाच्या कबरीला सलाम करून येऊ.”

अब्बांनी खिशातून टोपी काढली.

ठकूबाईंनी हळूच डोक्यावर पदर घेतला.