चिखलासकट शिंपल्या

नाही हो, इंजिनाला काही झालेलं नाही — इंजिन ठणठणीत आहे, बंद पडलाय तो धंदा! तुम्ही लिव्हरपूलहून आलात, बोटीत घर थाटणार म्हणता — थाटा. पडदे लावा, फुलझाडं ठेवा. पण 'एवढी चांगली बोट का विकताय' असं हसत हसत विचारू नका, डोकं फिरतं माझं. तीस वर्षं या वेल्सच्या खाडीत शिंपल्या काढल्या मी. गोणीत भरायच्या — जिवंत, चिखलासकट — आणि दुसऱ्या दिवशी हॉलंडला. धुवायचं-बिवायचं तिकडचे लोक बघायचे. इथं आम्ही धुण्याची साधी टाकी बांधली नाही! कशाला बांधायची? गिऱ्हाईक बिनतक्रार घेतंय ना? मग आलं ते मतदान — युरोपात राहायचं की बाहेर पडायचं. पडलो बाहेर! आणि तिकडून निरोप — बाहेरच्यांचा न धुतलेला माल चालणार नाही. झालं, एका सकाळी सगळं बंद.

कुणी केलं हे? त्या लंडनच्या थापाड्यांनी! 'तुमचं पाणी तुम्हाला परत मिळेल' म्हणे. अहो, आमचं पाणी नेलं होतं कुणी? एक परकी होडी या खाडीत कधी फिरकली नाही — आणि माझ्या, हो, माझ्याच या बोटीवर 'बाहेर पडा'चा फलक, हा एवढा! हसताय? हसा. अर्धं गाव माझ्यासारखंच मूर्ख, आणि उरलेलं अर्धं दहा वर्षं झाली तरी प्रार्थनेला माझ्या बाकावर बसत नाही. एक आयोलो तेवढा बोलला — माझा मुलगा, ही बोट त्याच्यासाठीच बांधलेली — म्हणाला, 'बाबा, आपलं गिऱ्हाईकच तिकडे आहे, कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?' मतदानाच्या दिवशी तो माल घेऊन हॉलंडलाच होता. त्याच्या वतीनं मी मत टाकायचं, तसा रीतसर कागद भरून गेला होता. जाताना बजावलं, 'माझं मत राहण्याला. विसरू नका.' विसरलो कुठे? हातात दोन मतपत्रिका, एक माझी, एक त्याची — आणि मला वाटलं, पोराला काय कळतंय! दोन्हींवर एकाच जागी फुली मारली.

आता तो तिकडेच असतो, दुसऱ्यांच्या शिंपल्या धुतो. दर रविवारी फोन करतो आणि वर मलाच समजावतो — 'बाबा, जीव जाळू नका, तुमचं एकच तर मत होतं.' एकच! ऐकून घेतो मी. काय सांगू त्याला? — असे काय बघताय? बोट बघायला आलात ना, बघितलीत. उतरा खाली. उतरा म्हणतो ना!