वितळवून पुन्हा गोठवलेल्या कुप्या

मी, फिर्यादी, वय एकतीस, व्यवसाय प्रयोगशाळेत नोकरी, राहणार सासऱ्यांच्या घरी वरचा मजला, स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

खालच्या मजल्यावर माझी थोरली जाऊ राहते. प्रयोगशाळेत ती माझी वरिष्ठ आहे. म्हणजे घरीदारी ऐकून घेणे माझ्याकडेच.

माझे काम रिसेप्टर बनवण्याचे. माणसाच्या पेशीवर औषधाला धरून घेणारे प्रथिन असते, तेच हे. त्याचा जनुक दुसऱ्या पेशींत घालून आम्ही त्यांच्याकडून ते प्रथिन करवून घेतो आणि संशोधनासाठी पाठवतो. या वेळच्या प्रथिनाने वर्षभर माझा जीव मेटाकुटीला आणला. ते पसंत पडले तर माझी नोकरी कायम होणार होती, नाहीतर या महिन्याअखेर करार संपतो. असे प्रथिन एकदाच वितळवायचे असते. पुन्हा गोठवले की बिघडते, म्हणून थोडे थोडे छोट्या कुप्यांत भरून ठेवतात. हे मला जावेनेच शिकवले.

मी रजेवर असताना तिने सगळ्या कुप्या वितळवल्या, प्रत्येकीतले थोडे काढून तपासले आणि परत गोठवून ठेवल्या. आज मी एक कुपी वापरायला घेतली, तर प्रथिन औषधाला धरेना. दुसरीचेही तेच. सगळ्या का वितळवल्या, असे जावेला विचारले तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "एकच कुपी तपासून काय कळणार? तू एकीत खरं ठेवून बाकीच्यांत पाणी भरलं असशील."

तपासात काय निघाले, असे मी विचारले.

"सगळ्या चांगल्या होत्या," ती म्हणाली.

त्यावर मी हातातला बर्फाचा डबा तिच्या अंगावर फेकला. तो तिला लागला नाही याचे मला वाईट वाटते, हेही लिहून घ्यावे.

चोरीला काय गेले, असे हवालदारांनी विचारले. काहीच नाही. कुप्या जागच्या जागी आहेत आणि दिसायलाही पूर्वीसारख्याच आहेत. नवऱ्याचे फोनवर म्हणणे पडले की वहिनीची चूक झाली, घरातले घरात मिटव. मला मिटवायचे नाही. पुन्हा गोठवल्यावर काय होते हे तिला ठाऊक होते, त्यामुळे मी याला चूक म्हणणार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. 'जाऊ' असे जिथे जिथे आहे, तिथे 'आरोपी' लिहा असे मी दोनदा सांगितले. हवालदारांनी ते ऐकले नाही. बाकी सगळे मी सांगितले तसेच लिहिले आहे.