ठाण्यात ठेवलेली रायफल

"काका, जमा केलेल्या हत्याराला इथं कोणी तेल लावत नाही," हवालदार सांगत होता.

"म्हणूनच म्हणतो, मला लावू दे," आमचा म्हातारा काउंटर सोडेना.

निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तशी त्याने केली होती. पण तेव्हापासून रोज तिला भेटायला जात होता. कोकणात शिकार बंद होईपर्यंत रानात हिंडला, पण ट्रिगरखालचा दांडा खालीवर करून गोळी चढवायची ती जुनी रायफल सोडून दुसरीला कधी हात लावला नाही.

"मुलुंडची ही दमट हवा. दांडा गंजेल रे."

"रोज येता तुम्ही, साहेब मला झापतात. आजी, न्या ना यांना घरी." मला हवालदारानेच फोन करून बोलावलं होतं.

बघते तर याच्या हातात माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. मग मी जे बोलले, त्यावर हवालदाराने कपाटाची किल्ली काढली.

"पोरगा झाला तेव्हा हा माणूस डुकराच्या मागावर होता, थेट बारशाला उगवला, जन्मात जिची एकटीची काळजी घेतली ती तुमच्या कपाटात कोंडलीय, तेवढं तेल लावू द्या त्याला."