चारशे बारा हुंकारे

(धानोऱ्यातली ओसरी. हेमकांत आणि त्याची आई जमनाबाई. फोन स्पीकरवर. पलीकडे पुण्याच्या प्रकाशनातल्या दीपमाला.)

दीपमाला: नॉइज होता तो, सर. आजींच्या रेकॉर्डिंगमध्ये, चारशे बारा ठिकाणी. आमच्या एडिटरने दोन दिवस बसून एकेक काढला.

हेमकांत: छान. तो नॉइज म्हणजे माझे वडील.

दीपमाला: सॉरी?

हेमकांत: छगन पाटील. आई गोष्ट सांगते, ते दर वाक्याला 'हां' म्हणतात. आमच्याकडे हुंकारा दिल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, मॅडम.

जमनाबाई: पन्नास वरीसपाईन हां म्हनतस. घरमा दुसरं काय काम करं त्यासनी?

दीपमाला: पण आजी, तुमच्या गोष्टींच्या छापील पुस्तकात, ई-बुकात कुठे आहेत ते हां?

हेमकांत: तिला वाचता कुठे येतं? छापील प्रत ती रोज फडक्याने पुसते. ई-बुकाची तर पुसायचीही सोय नाही.

दीपमाला: म्हणूनच ऑडिओ ना. शुक्रवारी ॲपवर येतंय. फक्त आजींचा होकार हवा.

जमनाबाई: हां काढेल ते आयकं मी. एकलीच बोली ऱ्हायनी, येडी बाईसारखी. ती मी नही शे.

दीपमाला: मग नाशिकच्या स्टुडिओत पुन्हा एकदा...

हेमकांत: गेलो होतो की मार्चमध्ये. काचेपलीकडच्या माणसाने वडिलांना आणि मला गप्प बसायची खूण केली. आई म्हणाली, 'एक राजा व्हता', आणि हुंकाऱ्याची वाट बघत अर्धा तास बसली. तुमच्याकडची सगळ्यात स्वच्छ फाइल तीच असेल. म्हणून तर घरी रेकॉर्ड केलं.

दीपमाला: श्रोत्यांना मध्ये अडथळा चालत नाही, सर. घरगुती वाटतं.

हेमकांत: पुस्तकाच्या पाठीवर तुम्हीच छापलंय, 'मातीतला अस्सल आवाज'. माती कुठे धुतली तेही छापा.

दीपमाला: स्पष्ट सांगते. हे नाकारलं तर ऑडिओ रद्द. वरून तसं आलंय.

जमनाबाई: व्हऊ दे रद्द.

हेमकांत: माय, हाई आयकानं एकच पुस्तक तुले समजी. इचार कर.

जमनाबाई: थांब रे. पोरी, माले सांग, तुम्हनं हाई आयकस कोन? कोठे आयकस?

दीपमाला: कानात इअरफोन घालून. ऑफिसला जाताना, पोळ्या लाटताना. बहुतेक जण एकटेच असतात, आजी. मीसुद्धा एकटीच ऐकते.

जमनाबाई: घरमा कोनीच नही?

दीपमाला: नाही.

जमनाबाई: मंग तुले तं जास्ती पायजे ना वं, कोनीतरी हां म्हननारं.