पंधरा मिनिटांच्या गप्पा

फोरमन : या अपघाताच्या अहवालावर नाही करणार सही. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे आधी खोडा साहेब, मग बघू.

साहेब : प्रेस मशिनमध्ये हात त्यानं घातला. मी नाही.

फोरमन : त्यानंच घातला. पायाखालचं पेडल अडकतंय हे माहीत असतं, तर घातला असता? सकाळच्या शिफ्टच्या गड्याला ते माहीत होतं.

साहेब : मग त्यानं सांगितलं का नाही?

फोरमन : कुठं सांगणार? तुम्ही भेटू देता का? शिफ्ट बदलताना जुना आणि नवा गडी मशिनपाशी पंधरा मिनिटं उभे राहायचे. तुम्ही आलात आणि दुसऱ्याच महिन्यात ते बंद. एक या दारानं बाहेर, दुसरा त्या दारानं आत.

साहेब : गप्पा हाणत उभे असायचे. खिदळायचे. डोळ्यांनी पाहिलंय मी.

फोरमन : पाहिलंत. जवळ येऊन ऐकलंत का? 'पेडल आज रुसलंय रे, सासूसारखं जपून घे' असलं बोलायचो आम्ही. लांबून तुम्हाला हसणं तेवढं दिसलं.

साहेब : परक्या मुलखात येऊन मी काय कमी केलं? तुमची भाषा शिकलो. कँटीनमध्ये तुमच्याच बाकावर जेवतो. शिपायालाही अहो म्हणतो. परदेशात कसं मिसळावं, ते मुख्य कचेरी माझं उदाहरण देऊन नव्या मॅनेजरांना शिकवते.

फोरमन : जेवणात मिसळलात की. पण आठ महिन्यांत एकदा तरी विचारलंत, 'हे तुम्ही असं का करता?'

साहेब : खरं लिहिलं तर मला परत बोलावतील.

फोरमन : बोलावू देत. विमानात बसाल, घरी जाल. त्याचा उजवा अंगठा गेलाय, शेजारचं बोट गेलंय. तुमच्या या एका ओळीनं नोकरीही जाईल. आज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं आईनं लावली. बत्तीस वर्षांचा बाप्या, मान खाली घालून उभा होता. आणि निष्काळजी तो?

साहेब : (कागद फाडून) बसा. नवीन कागद घेतो. काय लिहू?

फोरमन : आत्ता बोललो तेच. शब्द मऊ करू नका.

साहेब : लिहितो. पण तुम्ही वीस वर्षं इथं आहात. मी ते बंद करत होतो, तेव्हा मला अडवलं का नाहीत?

फोरमन : तेही लिहा. माझ्या नावासकट.