भगवंतरावांची घरघर

औषधासाठी आणलेली रिकामी बाटली. सरकीचा वास. खामगाव, १९६२. दवाखान्याच्या बाकावर सोजराबाई आणि तिची नणंद. आत डॉक्टर भगवंतरावांना तपासत होते.

"वयनी, डॉक्टरले सांगजा, दादाले रातभर घरघर होती."

"घरघर म्हनू नोका, अक्का. ते मरनाऱ्याले लागते."

"अवो, घरघर पयले जात्याची. मानसाच्या छातीले मंग आली."

"म्हनूनच तीन दिवस जातं बंद ठेवलं. ह्यायच्या कानी आवाज नोको."

"मंग?"

"आज पहाटे मलेच पुसते, जातं कोन फिरवून राह्यलं?"

"अगं माय! तुम्ही काय सांगतलं?"

"म्हटलं, अक्का दळून राह्यल्या. तं म्हने, नव्या ज्वारीचा वास येऊन राह्यला. हासले अन् निजले."

"आता डॉक्टरनं पुसलं तं?"

"सांगीन, घरी दळण चालू हाय."

त्या सकाळी भगवंतराव दवाखान्याच्या पाचही पायऱ्या कुणाचा हात न धरता चढले होते.