कापडी पाटी आणि रद्द झालेला रस्ता

जबाब देणार: शिवणवाल्या मावशी (परिसरात याच नावाने ओळख), वय ५४, धंदा शिवणकाम, राहणार घर क्र. १४, रस्त्याचे नाव मंजुरीसाठी प्रलंबित.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, वरील ठिकाणी मी नवऱ्यासोबत एकतीस वर्षे राहते. नवरा निवृत्त पोस्टमन आहे. आमच्या रस्त्याचे नाव पाणीटाकी रस्ता होते.

मागच्या वर्षी नगरपालिकेने ठराव करून ते नाव रद्द केले आणि त्याच दिवशी पाटी उतरवून नेली. नव्या नावासाठी दोन अर्ज आले. एकाला हेडमास्तरांचे नाव हवे, दुसऱ्याला ठेकेदाराच्या वडिलांचे. दोन्ही अर्जदार आमच्या रस्त्यावर राहत नाहीत. आता हरकती, सुनावणी, मग वरून मंजुरी. मी नामकरण विभागात जाऊन म्हणाले, तोवर जुनी पाटी तरी लावा. क्लार्क म्हणाले, "रद्द झालेलं नाव लावता येत नाही, मावशी. नियम आहे." सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आम्ही चौदा थांबलो.

गेल्या महिन्यात ९ तारखेला दुपारी ३.१० वाजता नवऱ्याचे तोंड वाकडे झाले. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "आमच्या यादीत असा रस्ताच नाही हो." मी टाकी, वळण, पिठाची गिरणी, सगळे सांगितले. गाडी गावाबाहेरच्या नव्या टाकीकडे गेली. शेजारचा सायकलवाला तिला शोधून घेऊन आला तेव्हा ३.५५ झाले होते. हॉस्पिटल आमच्यापासून सात मिनिटांवर आहे. नवऱ्याची उजवी बाजू आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, झटका पुन्हा येऊ शकतो, तेव्हा वेळ घालवू नका. जणू वेळ मी घालवला.

म्हणून २६ तारखेला मी पिवळ्या कॅनव्हासवर, गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडातून अक्षरे कापून, जुने नाव शिवले आणि कोपऱ्यावरच्या खांबाला बांधले. नवऱ्याला खुर्चीवरून दाखवले. ते तोंडाच्या एका बाजूने हसले. हे लिहायची गरज नाही असे जबाब घेणारे साहेब म्हणाले. मी म्हणते, लिहा.

तिसऱ्या दिवशी क्लार्क पाटी काढायला आले. डबल शिलाई असल्याने ती फाटेना आणि गाठ सुटेना. त्यांनी माझ्याकडेच कात्री मागितली. मी दिली नाही. हा सरकारी कामात अडथळा असेल तर मला मान्य आहे. त्यानंतर खांब विद्रूप केल्याची तक्रार झाली आणि पोलिसांनी पाटी जप्त केली. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आमची गत आहे. मला फार राग आला आहे, तोही लिहावा.

जप्तीच्या पंचनाम्यात ठिकाण 'पाणीटाकी रस्ता' असे लिहिले होते. मी विचारले, "साहेब, रस्ता नाही तर तुम्ही पोचलात कसे?" साहेबांनी ते नाव खोडले. त्या जागी काय लिहावे हे अजून ठरलेले नाही.

माझी पाटी मला आजच परत मिळावी. नवरा घरी आहे, शेजारीण त्यांच्याजवळ बसली आहे आणि तिला पाचला कामावर जायचे आहे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. पत्त्याची ओळ सोडून सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. खरा पत्ता मी सहीखाली माझ्या हाताने लिहिला आहे. तो कोणी खोडू नये.

(सही)
घर क्र. १४, पाणीटाकी रस्ता.